ॲनिमेशनचे व्हिडिओ लावून इंग्रजी: मुलं बघतात, हसतात, पण बोलत नाहीत

पेन्सिलपेटी | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी पुण्यात महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळेत सहावीला इंग्रजी शिकवते. वर्गात ३८ मुलं आहेत. बरीचशी पर्वती पायथा आणि दांडेकर पुलाकडची. काहींच्या घरी मराठी, काहींच्या घरी बंजारा, दोघांच्या घरी कानडी. आपल्याकडे २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे, म्हणजे माझ्याकडे येईपर्यंत मुलांनी पाच वर्षं इंग्रजीची पुस्तकं हाताळलेली असतात. शब्द पुष्कळ येतात. वाक्य मात्र तोंडातून निघत नाही.

दोन वर्षांपूर्वी वर्गात टीव्ही आला. पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड होतेच, सरकारच्या दीक्षा ॲपवरचे व्हिडिओ होते, यूट्यूब होतं. मी अगदी मन लावून ॲनिमेशनच्या गोष्टी शोधून लावायला लागले. मुलं खूश. तास संपला तरी हलायची नाहीत. मलाही वाटलं, आता गाडी रुळावर आली.

मग एकदा कोल्ह्याची गोष्ट दाखवून झाल्यावर विचारलं, "व्हॉट इज द फॉक्स डूइंग?" सगळा वर्ग गप्प. थोड्या वेळाने मागच्या बाकावरून उत्तर आलं, "बाई, पाणी पितोय."

उत्तर बरोबर होतं, म्हणून तर मला जास्त लागलं. गोष्ट त्याला समजली होती, पण चित्रातून. इंग्रजी कानावरून गेलं आणि त्याला त्याची गरजच पडली नाही. कोल्हा विहिरीवर वाकला, पाणी प्यायला, सगळं डोळ्यांनी सांगून टाकलं. शब्द ऐकायला कारणच उरलं नव्हतं.

पुढचा प्रकार आपोआप घडला. स्पीकरची वायर तुटली. व्हिडिओ सुरू, आवाज नाही. एक मुलगा बसमागे धावतोय, दप्तर रस्त्यावर पडतं, बस निघून जाते, ४० सेकंदांचा तुकडा. मी वायर चाचपत होते आणि मागे मुलं आपणहून बोलायला लागली. "बस गो, बस गो!" "बॉय इज रन." मी वायर सोडून दिली. पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि म्हटलं, आता आवाज तुम्ही द्या. तिसऱ्या वेळी "द बॉय इज रनिंग" झालं. चौथ्या वेळी, वर्षभरात माझ्याशी इंग्रजीत चकार शब्द न बोललेली एक मुलगी उभी राहिली आणि त्या मुलाच्या जागी ओरडली, "स्टॉप! स्टॉप! माय बॅग!"

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. घरी बसून पॉवटून या ॲनिमेशनच्या ऑनलाइन साधनावर दोन छोटे व्हिडिओ केले. ५० सेकंदांच्या एका व्हिडिओला पूर्ण रविवार गेला. आता तुम्हाला विचारायचंय: साधन कोणतं वापरावं? आवाज कुणाचा असावा, यंत्राचा, माझा की मुलांचा? आणि व्हिडिओ मुलांनीच करायचा म्हटलं, तर एका फोनवर ३८ मुलांनी कसा करायचा? ज्यांनी हे केलंय त्यांनी सविस्तर लिहा. मला खरंच हवंय.

घाटमाथा | सोमवार, रात्री १०:१५

वाचतोय. मुळशीकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. चौथीला अगदी हाच अनुभव आलाय. गाणी तोंडपाठ, चालीसकट. पण गाण्यातलाच एक शब्द बाहेर काढून विचारला की ओळख नाही. गाणं म्हणजे त्यांच्यासाठी एक सलग आवाज असतो.

चौकट_दर_चौकट | सोमवार, रात्री ११:३०

ताई, मी कोथरूडला एका स्टुडिओत ॲनिमेशन करतो. शिक्षक नाही, त्यामुळे शिकवण्याबद्दल बोलत नाही, पण साधनांबद्दल सांगू शकतो.

पॉवटून, ॲनिमेकर, कॅनव्हा, व्याँड ही सगळी एकाच जातीची: तयार पात्रं, तयार पार्श्वभूमी, तुम्ही ओढून ठेवायचं आणि हालचाल निवडायची. ॲनिमेकर चेन्नईचं आहे. व्याँड म्हणजे पूर्वीचं गोॲनिमेट, २०१८ ला नाव बदललं. ते मुख्यतः कंपन्यांच्या प्रशिक्षणासाठी आहे, शाळेच्या खिशाला झेपायचं नाही. फुकटच्या खात्यात बहुतेक ठिकाणी व्हिडिओवर त्यांचा शिक्का येतो, लांबीवर मर्यादा असते. वर्गासाठी त्याने काही बिघडत नाही, शिक्का असू द्या. एक मात्र पाळा. व्हिडिओ झाला की फाइल उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. या कंपन्या योजना बदलतात, फुकटचं बंद करतात, आणि मग वर्षभराचं काम त्यांच्या वेबसाइटवर अडकून पडतं.

रविवार का गेला ते सांगतो. तुम्ही साधन उघडून विचार करायला बसलात. आम्हीही शिकाऊ मुलांना पहिले सहा महिने हेच सांगत असतो, आधी कागद. कागदावर सहा चौकोन आखा, प्रत्येकात काडीची माणसं, खाली एकच वाक्य. सहा चौकोन म्हणजे सहा वाक्यं म्हणजे साधारण ४० सेकंद. ते पक्कं झाल्याशिवाय लॅपटॉप उघडायचा नाही. मग कॅनव्हावरसुद्धा तासाभरात होतं.

आणि हालचाल कमी ठेवा. तयार साधनांत सगळं हलवता येतं म्हणून लोक सगळं हलवतात. ढग हलतोय, झाड डुलतंय, अक्षरं उड्या मारत येतायत. डोळा हलणाऱ्या गोष्टीकडेच जातो. वाक्य "द बॉय इज रनिंग" असेल तर पडद्यावर फक्त मुलगा हलला पाहिजे, बाकी सगळं स्थिर.

मुलांनी स्वतः करायचं असेल तर ही साधनं विसरा. त्यांना खातं लागतं, इंटरनेट लागतं, लॅपटॉप लागतो. स्टॉप मोशन करा. जुना अँड्रॉइड फोन, त्यावर स्टॉप मोशन स्टुडिओचं फुकटचं ॲप, आणि समोर काहीही: खडू, बांगड्या, कागदाच्या बाहुल्या. वस्तू थोडी हलवा, फोटो काढा, पुन्हा हलवा. सेकंदाला पाच फोटो पुरतात, म्हणजे अर्ध्या मिनिटाला १५० फोटो. आधीचा फोटो पुसट दिसत राहतो, त्यामुळे किती हलवलं ते कळतं. एक फोन असला तरी एकाने फोटो काढायचा, दोघांनी हलवायचं, एकाने वाक्य वाचायचं, एकाने मोजायचं. सहा-सात जणांचा गट आरामात कामाला लागतो.

दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याचं रोप कुंडीत लावून त्याची वाढ अशीच थोडी थोडी टिपली होती. आपल्याकडच्या सिनेमाची सुरुवात एका अर्थी तिथूनच झाली. तुम्ही मटकी भिजवा. दोन दिवसांत मोड येतात, मुलांना हलवायचं कामही नाही, मटकी स्वतःच हलते.

पेन्सिलपेटी | मंगळवार, सकाळी ६:५०

मटकी! हे मला सुचलंच नसतं. आणि सहा चौकोनांचं लगेच आजपासून. धन्यवाद दादा.

जुनी_पाटी | मंगळवार, दुपारी ३:०५

मी सदाशिव पेठेतल्या शाळेतून निवृत्त झाले, ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं. पेन्सिलपेटी, तुझी तळमळ पोचली. पण एक वेगळं मत मांडते.

पडद्यावर मुलगा धावतो त्याऐवजी वर्गातला मुलगा का धावू नये? मी कायम तेच केलं. एकाने धावायचं, दुसऱ्याने बस व्हायचं, बाकीच्यांनी सांगायचं. दप्तर खरं, धावणंही खरं. साहित्याचा खर्च शून्य. ॲनिमेशनमध्ये मुलांच्या अंगात काही उतरत नाही असं मला वाटतं.

दुसरं, तंत्र नवीन असलं तरी प्रश्न जुना आहे. आमच्या वेळी रेडिओ होता. पुण्याच्याच सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेसने मराठी माध्यमाच्या मुलांसाठी 'वुई लर्न इंग्लिश' हा रेडिओ कार्यक्रम केला होता, आकाशवाणीवरून लागायचा. मी तो वर्गात लावत असे. त्यात पात्रं मुलांशी बोलत. प्रश्न विचारत आणि मग थांबत. रेडिओ गप्प व्हायचा आणि तेवढ्यात माझ्या वर्गाने उत्तर द्यायचं. काही सेकंदांचीच ती शांतता, पण सगळा धडा तिच्यात असे. चित्र अजिबात नव्हतं, तरी मुलं बोलत होती, कारण त्यांच्यासाठी जागा मोकळी सोडलेली होती. आजचे व्हिडिओ मी नातवाबरोबर बघते, ते श्वासही घेत नाहीत. पात्र विचारतं आणि पुढच्या क्षणी तेच उत्तर देतं. मग मूल कशाला बोलेल?

पेन्सिलपेटी | मंगळवार, रात्री ८:२०

बाई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्या वर्गात वायर तुटली तेव्हा झालं ते हेच. जागा मोकळी झाली.

आज लगेच करून बघितलं. माझ्या जुन्या व्हिडिओत प्रत्येक प्रश्नानंतर सहा सेकंद कोरे घातले. पात्र पडद्यावर उभं राहतं, डोळे मिटतं उघडतं, वाट बघतं. पहिल्यांदा मुलांना वाटलं टीव्ही अडकला. दुसऱ्या प्रश्नाला कळलं की तो आपली वाट बघतोय. मग अशी बोलली की शेजारच्या वर्गातून तक्रार आली.

वर्गात धावण्याबद्दल एकच सांगते. तुमचं बरोबरच आहे आणि मी तेही करते. पण त्यात पुढे येतात ती नेहमीची सात-आठ मुलं. 'माय बॅग' ओरडलेली ती मुलगी, घरी बंजारा बोलणारी, वर्गासमोर उभी राहिली नसती. पडद्यावरच्या मुलाच्या तोंडून बोलायला मात्र तयार झाली. चूक झाली तर ती त्या मुलाची होती, तिची नव्हती. एवढा आडोसा तिला पुरला.

जुनी_पाटी | मंगळवार, रात्री ९:००

हे पटलं. आम्ही त्याच कामासाठी कापडी बाहुल्या वापरायचो. बाहुलीमागे लपलेलं मूल हमखास बोलतं.

ध्वनिचिन्ह | बुधवार, सकाळी ११:४५

चांगला धागा. मी भाषाविज्ञान शिकवतो, थोडी भर घालतो.

पेन्सिलपेटी यांनी 'चित्रातून कळलं, इंग्रजीची गरज पडली नाही' असं जे लिहिलंय, ते संशोधनातही सापडतं. कॅनडात इंग्रजी बोलणारी मुलं फ्रेंच माध्यमाच्या वर्गांत वर्षानुवर्षं शिकत. ऐकून समजण्यात ती फार पुढे जात, पण बोलण्या-लिहिण्यात चुका तशाच राहत. तिथल्या भाषातज्ज्ञ मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये त्यावरून मांडलं की ऐकणं पुरत नाही, स्वतः बोलावं लागतं. ऐकताना आपण अर्थावर भागवून नेतो. 'बॉय', 'बस', 'रन' एवढं कळलं की काम झालं. बोलायला उभं राहिलं की मधलं 'इज' कुठे घालायचं आणि 'रन'चं 'रनिंग' का, हे ठरवावंच लागतं. आवाज बंद केल्याने तुमच्या वर्गात ती वेळ आली.

आता ॲनिमेशन जिथे फळ्यापेक्षा खरोखर वरचढ ठरतं अशी एक जागा सांगतो. मराठी 'वर'. पुस्तक टेबलावर, पंखा टेबलाच्या वर, चेंडू भिंतीवरून गेला. इंग्रजीत ऑन, अबव्ह, ओव्हर. आपण तिन्हींचा अर्थ 'वर' असा वहीत लिहून देतो आणि मुलं आयुष्यभर तिथे अडखळतात. फळ्यावर चेंडूचं चित्र काढलं तर तो भिंतीच्या वर दिसतो, पण भिंतीवरून जाताना दिसत नाही. हलत्या चित्रात तीन सेकंदांत फरक दिसतो: मांजर भिंतीवर बसलंय, पतंग भिंतीच्या वर उडतोय, चेंडू भिंतीवरून पलीकडे गेला. एकच भिंत, तीन वाक्यं. मराठी शब्द सांगायची गरजच पडत नाही. 'इनटू' आणि 'इन'चंही तसंच. बेडूक विहिरीत उडी मारतोय आणि बेडूक विहिरीत बसलाय.

काळांचंही बघा. 'पडतोय, पडला, पडलाय' हे मराठीत मुलांना उत्तम येतं. आंबा झाडावरून सुटला तिथे व्हिडिओ थांबवा, जमिनीला लागताच थांबवा, आणि जमिनीवर नुसता पडून आहे तिथे थांबवा. 'इज फॉलिंग', 'फेल', 'हॅज फॉलन'. हे काम रिमोटचं एक बटण करतं.

उच्चारांसाठी मात्र ॲनिमेशन वापरू नका. तयार साधनांतल्या पात्रांचे ओठ नुसते उघडझाप करतात, आवाजाशी नेमके जुळत नाहीत. 'व्हॅन'ला वरचे दात खालच्या ओठावर टेकतात आणि 'वन'ला ओठांचा चंबू होतो, हे कार्टूनच्या तोंडात दिसत नाही. आपल्या मुलांची मुख्य अडचण तीच आहे. दुसरी 'शिप' आणि 'शीप'ची. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ आपण लिहिताना सांभाळतो, पण बोलताना त्यावरून अर्थ ठरवायची आपल्या कानाला सवय नाही. तिथे बाईंचा स्वतःचा चेहरा, फोनवर जवळून टिपलेला, जास्त उपयोगी पडेल.

घाटमाथा | बुधवार, दुपारी १:३०

सर, खाली अक्षरं दाखवावीत का? आमच्याकडे यावरून दोन गट आहेत.

ध्वनिचिन्ह | बुधवार, दुपारी ४:१०

दोन्ही गट बरोबर आहेत, वेळ वेगळी आहे. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांचं मल्टिमीडियावरचं काम प्रसिद्ध आहे. चित्र चालू असताना निवेदन ऐकवायचं आणि तेच निवेदन अक्षरांतही दाखवायचं, याने डोळ्यांवर दुहेरी भार पडतो असं ते सांगतात. दुसरीकडे ब्रिज कोठारी यांनी १९९६ मध्ये अहमदाबादच्या आयआयएममध्ये असताना त्याच भाषेतल्या अक्षरांची कल्पना मांडली आणि पुढे दूरदर्शनवरच्या सिनेमाच्या गाण्यांखाली त्याच गाण्याचे शब्द दिसायला लागले. हेतू वाचनाचा होता. गाणं तोंडपाठ असतं, त्यामुळे डोळा शब्दाशी आवाज जुळवतो.

यातला 'तोंडपाठ' हा शब्द महत्त्वाचा. म्हणून मी असं करतो: पहिल्यांदा अक्षरांशिवाय, बोलून झाल्यावर अक्षरांसकट. मुलांना ठाऊक असलेलं वाक्य अक्षरांत दिसलं की ते वाचन होतं. आधीच दाखवलं तर मुलं ऐकणं सोडून देतात.

यंत्राच्या आवाजाबद्दल विचारलं होतंत. भारतीय वळणाचे आवाज आता बऱ्यापैकी मिळतात, नमुना म्हणून एकदा ऐकवायला ठीक आहेत. पण ते थकत नाहीत, अडखळत नाहीत, हसत नाहीत. मुलांना बोलणारा माणूस ऐकू द्या.

रिकामा_बाक | बुधवार, रात्री १०:०५

मी शिक्षक नाही, पालक आहे. धायरीला राहतो, मुलगी सातवीत. घरात एकच स्मार्टफोन, तो माझ्यासोबत कामावर जातो, मी टेम्पो चालवतो. शाळेतून निरोप येतो, व्हिडिओ बघून अभ्यास करा. मी रात्री नऊला घरी येतो. मुलगी तोवर जागी बसलेली असते. नेटचा पॅक दिवसाचा, तोवर निम्मा संपलेला.

तुमच्यावर टीका करत नाही ताई, तुमचं काम वाचून बरं वाटलं. एवढंच सांगायचंय की व्हिडिओ वर्गात करा, वर्गात दाखवा. घरचा अभ्यास म्हणून पाठवू नका. ज्यांच्या घरी फोन मोकळा नाही ती मुलं दुसऱ्या दिवशी मान खाली घालून बसतात. माझी बसते.

आणखी एक. मुलांचे चेहरे असलेले व्हिडिओ ग्रुपवर टाकायच्या आधी आम्हाला विचारा. ॲनिमेशनमध्ये चेहरा नसतो, नुसता आवाज असतो, हे मला त्यातलं सगळ्यात चांगलं वाटलं.

पेन्सिलपेटी | बुधवार, रात्री १०:४०

दादा, बरं झालं लिहिलंत. मी मागच्या महिन्यात दोनदा लिंक पाठवून 'बघून या' सांगितलं होतं. यापुढे नाही पाठवणार. जे करायचं ते शाळेच्या वेळेत. आणि आवाज वापरायचा तरी पालकांची संमती कागदावर घेईन.

चौकट_दर_चौकट | बुधवार, रात्री ११:१०

दादांच्या मुद्द्यासाठी एक तांत्रिक गोष्ट. व्हिडिओ ४८० पी, म्हणजे कमी बारकाव्याच्या, आकारात उतरवलात तर ४० सेकंदांची फाइल अगदी लहान होते. कुणाला हवी असेल तर पेनड्राइव्ह किंवा ब्लूटूथने द्या, नेट खर्च होत नाही. वर्गातल्या टीव्हीवर तेवढा आकार पुरतो.

सांजवर्ग | गुरुवार, सकाळी ७:१५

उशिरा येतेय धाग्यावर. मी हडपसरला संध्याकाळी बायकांचा इंग्रजीचा वर्ग घेते. १४ जणी आहेत. घरकाम करणाऱ्या, दवाखान्यात आया म्हणून काम करणाऱ्या, दोघी मॉलमध्ये. सगळ्यांत लहान १९ वर्षांची, मोठ्या मावशी ५६ च्या.

मोठ्या माणसांसाठी ॲनिमेशन वापरताना एक फार जपावं लागतं. मी सुरुवातीला लहान मुलांचेच व्हिडिओ लावले, ससा आणि गाजर. मावशी काही बोलल्या नाहीत, पण पुढचे दोन दिवस आल्या नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, "नातवाचं बघायला मी एवढ्या लांबून येत नाही." त्या दिवशी मला स्वतःचा फार राग आला.

मग आम्ही आमचेच प्रसंग घेतले. लिफ्टमध्ये मॅडम काहीतरी विचारतात. बँकेत फॉर्म. दवाखान्यात पेशंटचे नातेवाईक इंग्रजीत विचारतात, बाथरूम कुठे आहे. एकेक प्रसंग सहा वाक्यांचा. मी कॅनव्हावर साडी नेसलेलं पात्र शोधलं, सापडेना, शेवटी आमच्यातल्या एकीने वहीवर काढून दिलं आणि त्याचा फोटो घेऊन वापरला. तेव्हापासून सगळी पात्रं आम्हीच काढतो.

आवाज त्यांचाच. एकेकटीने आतल्या खोलीत जाऊन रेकॉर्ड करायचं, नको वाटलं तर पुसायचं, पुन्हा करायचं. मोठ्या मावशींनी "गो स्ट्रेट अँड टर्न लेफ्ट" हे वाक्य अकरा वेळा केलं. कुणी सांगितलं नव्हतं, त्यांना स्वतःलाच 'स्ट्रेट' पसंत पडत नव्हता. वर्गात मी कुणालाही एक वाक्य अकरा वेळा म्हणायला लावू शकले नसते. रेकॉर्ड करताना माणूस स्वतःला ऐकतो आणि स्वतःच सुधारतो. मला यातला सगळ्यात मोठा फायदा तोच दिसला.

जुनी_पाटी | गुरुवार, दुपारी २:२०

अकरा वेळा! त्या मावशींना माझा नमस्कार सांग.

पेन्सिलपेटी | पुढच्या आठवड्यातला शनिवार, दुपारी ४:३०

मंडळी, मटकीचा अहवाल.

बुधवारी रात्री मी घरी मटकी भिजवली, गुरुवारी सकाळी उपसून शाळेत नेली. काचेच्या बशीत ओला रुमाल, त्यावर मटकी. फोन पाठ्यपुस्तकांच्या ढिगाऱ्यावर उताणा, बाकाला चिकटपट्टीने पक्का, कॅमेरा बाहेर आणि खाली बशी. गट पाळीपाळीने दर अर्ध्या तासाने फोटो काढत होते. घड्याळ बघायचं काम एका मुलाने स्वतःकडे घेतलं आणि कुणाला दिलं नाही.

मी ठरवलं होतं की काम चालू असताना मराठीत बोलू द्यायचं, फक्त फोटोखालचं वाक्य इंग्रजीत. पहिली वाक्यं माझ्याच मदतीने झाली: "वी सोक्ड द मटकी." "वी पुट इट ऑन अ वेट क्लॉथ." दुपारपर्यंत दाण्यांना बारीक पांढरं टोक फुटलं. एक जण ओरडला, "लुक, अ टेल!" दुसरी म्हणाली, "नो टेल! रूट!" त्यावरून वर्गात जे पेटलं ते इंग्रजीतच पेटलं, कारण भांडण इंग्रजी शब्दावरून होतं. टेल म्हणणाऱ्यांचं म्हणणं, ते हलतं. शेवटी चित्रपटात दोन्ही वाक्यं ठेवली. एक मुलगा म्हणतो, "इट इज अ टेल," आणि मागून चार आवाज येतात, "इट इज नॉट अ टेल. इट इज अ रूट."

शुक्रवारी सकाळी आलो तर बशीवर ताट झाकलेलं. शाळेच्या मावशींनी मुंग्या लागतील म्हणून काळजीने झाकलं होतं. मुलांचे चेहरे पडले. रात्रभरात मोड एवढाले झाले होते आणि मधला एकही फोटो नाही. मी म्हटलं, मग हेच सांगा. त्यांनी ताट झाकलेल्या बशीचा फोटो काढला आणि वाक्यं केली: "हू कव्हर्ड द प्लेट?" "मावशी कव्हर्ड द प्लेट." मावशींना बोलावून त्यांचाही आवाज घेतला. त्यांनी "आय कव्हर्ड इट" म्हटलं, दुसऱ्याच प्रयत्नात. भूतकाळाचा एवढा चांगला धडा मी आजवर घेतलेला नाही. प्रत्येकाला 'कव्हर्ड' येतं आता.

आवाज खेळाच्या सामानाच्या खोलीत रेकॉर्ड केला, सतरंज्यांच्या गठ्ठ्यामागे. तिथे रस्त्याचा आवाज येत नाही. ज्यांना नको होतं त्यांना मी आग्रह केला नाही, तिघं फक्त फोटोवर राहिले. पण त्यातला एक दुसऱ्या दिवशी येऊन "बाई, माझं एक वाक्य राहिलंय" म्हणाला.

एकूण ४१ फोटो झाले, चित्रपट ५२ सेकंदांचा. तो आम्ही तीनदा दाखवला: आवाजासकट, मग आवाज बंद करून पाचवीच्या वर्गाला बोलायला लावून, मग अक्षरांसकट. दुसरी फेरी सगळ्यात रंगली. सहावीची मुलं पाचवीला शिकवत होती, "नॉट रूट इज ग्रो. रूट इज ग्रोइंग."

दोन अडचणी आहेत. एक, खिडकीतला उजेड दिवसभर बदलत राहिला, त्यामुळे चित्र सारखं उजळतं आणि काळवंडतं. दुसरी, दर फोटोला बोट लागून फोन किंचित हलायचा, म्हणून बशी थरथरते. चौकटदादा, यावर काही साधा उपाय?

चौकट_दर_चौकट | शनिवार, सायंकाळी ६:००

फार छान झालंय, ताई. उजेडासाठी खिडकी पूर्ण झाका, पुठ्ठ्याचा मोठा खोका आडवा ठेवून त्यात बशी ठेवा आणि आत एकच टेबललॅम्प लावा. ॲपमध्ये उजेड आणि फोकस पक्का करायची सोय असते, पहिल्या फोटोआधी ती लावा. हलण्यासाठी वायरचा इयरफोन जोडून बघा. बऱ्याच फोनमध्ये इयरफोनवरचं आवाज वाढवायचं बटण दाबलं की फोटो निघतो, फोनला हात लावावा लागत नाही. ॲपमध्ये चाललं नाही तर फोनच्या साध्या कॅमेऱ्याने काढा आणि फोटो नंतर ॲपमध्ये घ्या.

आणि रात्रीचे फोटो हवे असतील तर ॲपमध्ये ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढायचीही सोय आहे. चार्जर लावून ठेवायचा. मावशींना आधी सांगून ठेवा.

पेन्सिलपेटी | शनिवार, सायंकाळी ६:२५

खोका मिळाला, शाळेत टीव्हीचाच पडून आहे. पुढचा विषय मुलांनी ठरवलाय: पावसात पर्वतीच्या पायऱ्यांवरून कागदाची होडी. पहिली तीन वाक्यं त्यांनीच केलीत, जशीच्या तशी देते.

"द बोट इज ऑन द स्टेप."
"द बोट इज गोइंग ओव्हर द स्टेप."
"द बोट इज नॉट स्टॉपिंग."

ध्वनिचिन्ह सर, 'ऑन' आणि 'ओव्हर' मी सांगितलेलं नाही. भिंत, मांजर, पतंग आणि चेंडू मात्र सोमवारी दाखवले होते.